पऱ्हाटीवर धिंगरी वाढवून छताखालचे बोर्ड : खान्देशच्या हवेत कसं जमवायचं

गिरणाकाठ (धागाकर्ता)

कपाशी उपटली की पऱ्हाटीचं, म्हणजे तिच्या वाळक्या काड्यांचं, काय करायचं, हा आपल्याकडचा दर डिसेंबर-जानेवारीचा प्रश्न. थोडी चुलीत जाते, थोडी बांधावर पडून राहते, बाकीची शेतातच पेटवतात. एकरी टनभर तरी निघते आणि सगळी लाकूडच असते. याच पऱ्हाटीच्या तुकड्यांवर धिंगरी अळिंबीची बुरशी वाढवली की तिचे पांढरे तंतू तुकड्यांना एकमेकांत बांधून टाकतात. मग तो गठ्ठा वाळवून बुरशी मारायची. हाती येतो तो हलका, थर्मोकोलसारखी उष्णता अडवणारा बोर्ड. गोंद नाही, रेझिन नाही.

खान्देशासाठी यातली सगळ्यात जमेची बाजू म्हणजे वेळ. पऱ्हाटी हाती येते थंडीत. धिंगरीला २२ ते २८ अंश हवं, ते थंडीतच मिळतं. बोर्ड वाळवायला आणि शेवटी भाजून काढायला कडक ऊन लागतं, ते मार्चपासून आहेच. एप्रिल-मेमध्ये पिशव्या भरायला घेतल्या तर ४३-४४ अंशांत बुरशी पिशवीतच मरते. म्हणून हाई काम हिवाळामाच करानं.

खालचा हिशोब २ फूट × १ फूट × २ इंच मापाच्या दहा बोर्डांचा आहे.

पऱ्हाटीचे कोरडे तुकडे १६ किलो, गव्हाचा कोंडा १ किलो, जिप्सम १७० ग्रॅम. पाणी धरून हे मिश्रण ४५ किलोच्या आसपास जातं, म्हणजे ओलावा ६० ते ६५ टक्के. धिंगरीचं बियाणं (दाण्यांवर वाढवलेली बुरशी) ओल्या वजनाच्या ८ टक्के, म्हणजे साडेतीन किलो. पुढच्या टप्प्यासाठी ज्वारीचं पीठ ७०० ग्रॅम.

तुकडे ५ ते २० मिलिमीटरचे हवेत. चाऱ्याच्या कुट्टी मशीनवर पऱ्हाटी घालू नका, पात्याची धार जाते आणि साल लांब चिंध्यांसारखी निघते. हातोड्यांचा श्रेडर लागतो. नंतर चाळून बारीक भुसा बाजूला काढायचा. भुसा जास्त राहिला की मिश्रण दाबून बसतं, मध्ये हवा जात नाही आणि बोर्डाचा गाभा कच्चा राहतो. वाळकी बोंडं आधीच तोडून जाळून टाका. गुलाबी बोंडअळी त्यातच झोपून राहते, आणि पऱ्हाटी साठवायची म्हणून ती अळी पुढच्या हंगामापर्यंत जपून ठेवणं परवडणार नाही.

तुकडे रात्रभर, निदान १२ तास, साध्या पाण्यात भिजवा. लाकूड आतपर्यंत ओलं व्हायला हवं, आणि सुप्त बीजाणू जागे झाले की उष्णतेने लवकर मरतात. नंतर ते उपसून कोंडा आणि जिप्सम मिसळायचं. २०० लिटरच्या लोखंडी पिंपात तळाशी विटांवर जाळी ठेवायची, खाली वीतभर पाणी, वर मिश्रणाची पोती, आणि झाकण लावून वाफ द्यायची. पोत्याच्या मध्यभागी थर्मामीटर खुपसा. तिथे ८० अंश आल्यावर वेळ मोजायला लागायचं, तिथून पुढे तीन तास. पिंपातून वाफ निघायला लागली म्हणून वेळ धरली तर मधला भाग कच्चा राहतो. बहुतेक बिघाड इथेच होतो.

३० अंशांखाली निवल्यावर बियाणं मिसळायचं. हात आणि घमेलं स्पिरिटने पुसून घ्या, पंखा बंद, दार बंद. मिश्रण मुठीत आवळल्यावर दोन-तीन थेंब गळावेत. धार लागली तर पसरून निथळू द्या. पाच-पाच किलोच्या पिशव्या भरा, तोंडाला कापसाचा बोळा, बाजूंना दाभणाने २०-२५ छिद्रं.

१२ ते १५ दिवसांत पिशवी पांढरी होते. धुळे-साक्रीकडे जानेवारीच्या रात्री पारा खूप खाली येतो, तेव्हा पिशव्या एकमेकींना टेकवून वर गोधडी किंवा कडबा टाकावा. दिवसा तो काढायला विसरू नका, वाढती बुरशी स्वतःही गरम होते.

पांढरी पिशवी फोडून हाताने मोकळी करायची आणि ज्वारीचं पीठ मिसळायचं. पीठ आधी तव्यावर कोरडं भाजून थंड केलेलं असावं. आता साच्यात भरा. साचा प्लायवूडचा, आतून प्लास्टिक, कोपऱ्यांत जास्त दाबून भरायचं, कारण बोर्ड नेहमी कोपऱ्यात ढासळतो. वरून प्लास्टिक झाकून त्याला दर चार इंचांवर छिद्र. ५-६ दिवसांत तुटलेले तंतू पुन्हा जोडले जातात. मग साच्यातून काढून उलटायचा आणि ओलसर पिशवीत दोन दिवस ठेवायचा, म्हणजे बाहेरून मऊ पांढरी साय धरते. ही साय पुढे पाणी थोडं तरी अडवते, म्हणून हे दोन दिवस वाचवू नका.

वाळवण्याबद्दल वेगळं लिहितो, ते मोठं आहे.

वाघूर

भाऊ, हे विटेच्या जागी वापरता येईल का? बाहेरच्या देशात बुरशीच्या विटांचे मनोरे उभे केल्याचं वाचलं होतं.

धाबेकर

वाघूर, वीट म्हणून नाही. आकडे बघा. पक्क्या विटेची आपल्या मानकातली सगळ्यात खालची श्रेणीसुद्धा चौरस सेंटिमीटरला सुमारे ३५ किलो दाब सोसते. हा बोर्ड एक ते पाच किलोवरच चेपायला लागतो. तो अचानक फुटत नाही, स्पंजासारखा बसत जातो, पण भार घ्यायच्या कामाचा नाहीच.

तुम्ही म्हणता तो मनोरा २०१४ चा, न्यूयॉर्कमधला. मक्याच्या अवशेषांवर बुरशी वाढवून केलेल्या सुमारे दहा हजार विटांचा. तो एका उन्हाळ्यापुरता होता, नंतर उतरवून त्याचं खत केलं. घराचं गणित वेगळं असतं. आपल्याकडे त्याचा खरा उपयोग पत्र्याच्या छताखाली आहे.

हिशोब असा. वाळलेल्या बोर्डाची उष्णतावहनाची किंमत ०.०६ वॉट प्रति मीटर-केल्विनच्या आसपास धरायची. पाच सेंटिमीटर जाडीचा उष्णतेला होणारा रोध ०.८३ येतो. थर्मोकोलची किंमत ०.०३५ च्या जवळ, म्हणजे हा दोन इंची बोर्ड साधारण तीन सेंटिमीटर थर्मोकोलच्या बरोबरीचा. नुसत्या पत्र्याला स्वतःचा रोध जवळपास शून्य, जो काही मिळतो तो दोन्ही बाजूंच्या हवेचा, ०.१७ च्या आसपास. बोर्ड लावला की एकूण १.० होतो. म्हणजे छतातून खाली येणारी उष्णता पाचव्या-सहाव्या हिश्श्यावर येते. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पत्रा हात लावू देत नाही, तिथे हा फरक खोलीत राहणाऱ्याला लगेच कळतो.

मात्र जुन्या धाब्याच्या घराला हे लावू नका. कडी, तिच्यावर आडव्या टाकलेल्या लाकडी पट्ट्यांचं किलचन आणि वर पांढऱ्या मातीचा जाड थर असला की दिवसाची उष्णता खोलीत यायला रात्र उजाडते. त्या किलचनखाली बोर्ड ठोकला तर मातीतून उतरणारी ओल मध्ये अडकेल आणि किलचन सडेल. बोर्ड पत्र्यासाठी, फार तर उघड्या स्लॅबसाठी.

साक्रीची_ताई

गिरणाकाठ भाऊंनी कृती नीट दिली आहे. बिघाड कसे ओळखायचे ते जोडते, कारण दहापैकी दोन-तीन पिशव्या सुरुवातीला जातातच.

हिरवी पावडर दिसली तर ट्रायकोडर्मा. कारण बहुतेक वेळा कोंडा जास्त किंवा वाफ कमी. कोंडा ६ टक्क्यांच्या वर नेऊ नका. सरकीची पेंड तर अजिबात घालू नका, तिच्यातल्या नत्रावर धिंगरीआधी हिरवी बुरशी तुटून पडते.

नारिंगी-गुलाबी, पिठासारखी आणि एका रात्रीत पिशवीबाहेर आलेली बुरशी म्हणजे न्यूरोस्पोरा. हिला सगळ्यात जास्त घाबरा. पिशवी हलवली की धूर उडावा तसे बीजाणू उडतात आणि पूर्ण खोली जाते. ओलं फडकं टाकून झाकायची, तशीच उचलायची, दूर नेऊन जाळायची. नंतर खोली ब्लीचने पुसायची आणि आठवडाभर रिकामी ठेवायची. हवा तापू लागली की ही वाढते, म्हणून फेब्रुवारीच्या मध्यानंतर नवी पिशवी भरू नये.

आंबूस, ताकासारखा वास आणि तळाशी पिवळं पाणी असेल तर जिवाणू. पाणी जास्त झालेलं असतं. अशी पिशवी सुधारत नाही.

मध्ये तपकिरी, कडेला पांढरं असेल तर आतून तापून बुरशी मेली. साचा चार इंचांपेक्षा जाड केला की हे होतं. जाडी हवी तर दोन बोर्ड एकावर एक ओलेच ठेवा, तीन दिवसांत आपोआप जुळतात.

वाफेची सोय नसेल तर चुना चालतो. १०० लिटर पाण्याला अर्धा किलो विझवलेला चुना, तुकडे पूर्ण बुडवून वर दगड, १६ ते १८ तास. नंतर निथळून तासभर वाऱ्यावर. कडब्यावर हे छान चालतं, पऱ्हाटीवर थोडं कमी, कारण जाड तुकड्याच्या गाभ्यात चुना पोचत नाही. चुन्याने करायचं तर तुकडे एक सेंटिमीटरच्या आत ठेवा आणि बियाणं १० टक्के घ्या. चुन्याच्या पाण्यात हातमोजे हवेतच, आणि ते पाणी विहिरीजवळ ओतू नका.

अळिंबीच्या धंद्यात काड भिजवताना फॉर्मॅलिन आणि बुरशीनाशक वापरतात. घराच्या छताला लावायच्या वस्तूत ते मुळीच नको.

जात कोणती घ्यायची, तर फ्लोरिडा किंवा साजोर-काजू. साजोर-काजू थोडी जास्त उष्णता सोसते. गॅनोडर्माचा बोर्ड कातड्यासारखा चिवट होतो हे खरं, पण त्याला पूर्ण निर्जंतुक माल लागतो, आणि ती झाडांची मुळं कुजवणारी जात आहे. तिचा जिवंत कचरा बांधावर टाकला तर बाभूळ-निंबाला धोका.

अजून एक. बोर्डावर छत्र्या उगवू देऊ नका. धिंगरीचे बीजाणू रोज छातीत गेले की खोकला आणि ताप मागे लागतो. साचे उघडताना एन-९५ मास्क लावा.

वाघूर

ताई, बियाणं महाग पडतं. तयार झालेली पिशवीच पुढच्या पिशव्यांना विरजण म्हणून लावली तर?

साक्रीची_ताई

एकदाच. स्वच्छ, पूर्ण पांढरी पिशवी निवडून ओल्या वजनाच्या २० टक्के लावा. तिच्यापासून तिसरी पिढी करू नका. वाढ मंदावते आणि न दिसणारा संसर्ग प्रत्येक फेरीत वाढत जातो. बियाणं पुण्याच्या कृषी महाविद्यालयातल्या अळिंबी केंद्राकडून किंवा खात्रीच्या प्रयोगशाळेतून घ्या. पिशवीवरची तारीख महिन्याच्या आतली असावी.

गिरणाकाठ (धागाकर्ता)

आता वाळवणं. साच्यातून निघालेला बोर्ड साडेचार किलोच्या आसपास भरतो, पूर्ण वाळल्यावर दीड किलोच्या जवळ यायला हवा. काही कोरडा माल बुरशीने खाल्लेला असतो, त्यामुळे सुरुवातीच्या १.७ किलोएवढा तो राहत नाही.

आधी सावलीत, वाऱ्यावर, बांबूच्या ताटीवर उभे ठेवून दोन दिवस. सकाळ-संध्याकाळ बाजू बदला. एकदम उन्हात टाकले की वरची साय कडक होते, आतली ओल कोंडते आणि बोर्ड पापडासारखा वाकतो. नंतर चार-पाच दिवस उन्हात. सकाळी आणि संध्याकाळी वजन करा. दोन दिवस वजन हललं नाही की वाळला.

वाळला म्हणजे मेला असं नाही. बुरशी सुप्त राहते आणि पावसाळ्यात छतालाच अळिंबी फुटते. म्हणून भाजणं. मार्चच्या उन्हात काळ्या रंगवलेल्या पत्र्याच्या पेटीत बोर्ड मध्ये फटी ठेवून लावा, वर पारदर्शक प्लास्टिक किंवा काच. एका बोर्डाला भोक पाडून थर्मामीटर आत ठेवा. गाभ्यात ६५ अंश चार तास टिकले की काम झालं. दोन दिवस लागोपाठ केलं तर निर्धास्त. ८० च्या वर नेण्याची गरज नाही, बोर्ड ठिसूळ होतो.

रावेरी

केळीवाल्यांसाठी. या बोर्डाची खरी कमजोरी वाकण्यात आहे, दोन फुटांच्या लांबीवर मध्ये तुटतो. तिथे केळीच्या खोडाचा धागा फार कामाचा. साचा भरताना तळापासून अर्ध्या इंचावर धाग्याचा विरळ थर आडवा-उभा पसरायचा, तसाच वरून अर्ध्या इंचावर. एका बोर्डाला ४०-५० ग्रॅम पुरतो. धागा आधी तासभर उकळून घ्या, कच्च्या धाग्यावर गर राहतो आणि तिथूनच काळी बुरशी सुरू होते. धागा मधोमध टाकून उपयोग नाही, ताण पृष्ठभागाजवळ असतो.

पण खोडाचा गरच कुट्टी करून पऱ्हाटीच्या जागी वापरायचा मोह टाळा. खोडात नव्वद टक्क्यांवर पाणी. बुरशी सुरेख वाढते, वाळताना मात्र बोर्ड इतका आकसतो की मापात बसत नाही. केळीची वाळलेली पानं एक पंचमांशापर्यंत चालतात. मक्याची दाणे काढलेली कणसं भरडून निम्म्यापर्यंत, ती उत्तम.

धाबेकर

बसवण्याबद्दल. दहा बाय दहाच्या खोलीला ५० बोर्ड लागतात. दर फुटावर बांबूची पट्टी किंवा लोखंडी अँगल, म्हणजे बोर्डाच्या दोन्ही लांब कडा टेकतात. पत्रा आणि बोर्ड यांत किमान दोन इंच मोकळी हवा, आणि ती हवा दोन्ही टोकांना जाळी लावून बाहेर निघू द्या. पत्र्याच्या बोल्टातून पाणी झिरपतंच. बोर्ड पाण्यात भिजला की स्वतःच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट पाणी पितो आणि खाली येतो. त्यामुळे आधी पत्र्याची गळती काढा, वॉशर बदला, मगच बोर्ड चढवा.

खालच्या बाजूला चुना-मातीचा ८ मिलिमीटर गिलावा. एका बोर्डावर त्याचं वजन अडीच किलो होतं, तेव्हा चौकट चार-साडेचार किलो प्रति बोर्ड या हिशोबाने करा. दोन्ही बाजूंनी गिलावा केला तर भार उगाच वाढतो, वर चुन्याचे दोन हात पुरतात. ऑइलपेंट नको, ओल आत कोंडते.

आगीबद्दल थर्मोकोलशी तुलना करून लोक निश्चिंत होतात. हा बोर्ड वितळून ठिबकत नाही, वरून कोळसा धरतो, हे बरोबर. पण पऱ्हाटी ती पऱ्हाटीच, आतून धुमसत राहू शकते. चुलीच्या वर, धुराड्याजवळ लावू नका. वायर पाइपमधूनच न्या. पंख्याचा हुक छताच्या पाइपाला किंवा कडीला, बोर्डाला कधीच नाही.

वाघूर

वाळवी आणि उंदीर?

साक्रीची_ताई

दोन्ही येतात. बियाणं ज्वारी किंवा गव्हाच्या दाण्यावरचं असतं, न खाल्लेले दाणे बोर्डात राहतात आणि त्यांच्या वासाने उंदीर कुरतडायला लागतो. बियाणं लाकडाच्या भुशावरचं मिळालं तर तेच घ्या. नाहीतर पिशवी फोडताना अख्खे दाणे दिसतात का बघा, दिसले तर पिशवी अजून चार दिवस ठेवा. हवेच्या जागेच्या दोन्ही टोकांना लावायची जाळी बारीक हवी.

वाळवीला बोरॅक्स. एका लिटर पाण्यात ५० ग्रॅम, भाजून झालेल्या बोर्डावर दोन्ही बाजूंनी हलका फवारा आणि पुन्हा एक दिवस ऊन. मिश्रणातच बोरॅक्स टाकू नका, धिंगरी उगवणारच नाही. चौकटीचा बांबू सातपुड्यातला मानवेल असेल तर तो चिरून बोरॅक्स-बोरिक ॲसिडच्या पाण्यात आठवडाभर बुडवून ठेवा. बोर्डापेक्षा आधी बांबूच पोखरला जातो.

दीपनगर_राख

भिंतीसाठी विचारणाऱ्यांना बुरशीशिवायचा रस्ता सांगतो, तुकडे तेच. पऱ्हाटी १० किलो, विझवलेला चुना १२ किलो, उडती राख ६ किलो, पाणी २० ते २५ लिटर. राख दीपनगरच्या वीज केंद्रातली, आपल्याला जवळ आहे. तुकडे आधी भिजवून निथळायचे, चुना-राखेचं दाट दूध करून त्यात घोळवायचे. लाकडी किंवा बांबूच्या चौकटीत, दोन्ही बाजूंना फळ्या लावून, सहा-सहा इंचांचे थर हलक्या हाताने चोपायचे. जोरात चोपलं तर हवा जाते आणि उष्णता अडवायचा गुणही जातो. भार चौकटीनेच घ्यायचा.

सिमेंट मिसळू नका. पऱ्हाटीतली साखर आणि टॅनिन त्याला धरू देत नाहीत.

याचा हंगाम बोर्डाच्या उलट. राख आणि चुन्याला आपसांत धरायला पंधरा दिवस ओल लागते. एप्रिलच्या झळांमध्ये भिंत दोन दिवसांत कोरडी होते, चुना न धरताच पावडर होतो आणि नखाने खरवडला तरी गळतो. ऑक्टोबर ते डिसेंबर भरा, गोणपाट लावून पहिले दहा दिवस शिंपडत राहा. आठ इंची भिंत पूर्ण वाळायला दोन महिने धरा. तोवर आतून गिलावा नको. त्यासाठी पऱ्हाटी आदल्या वर्षीची लागेल, ती कोरड्या जागी, जमिनीपासून हातभर वर रचून ठेवलेली हवी.

वाघूर

बिघडलेल्या पिशव्या आणि तुटलेल्या बोर्डांचं काय करायचं?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नारिंगीवाल्या जाळायच्याच. हिरव्या आणि आंबलेल्या पिशव्या प्लास्टिक काढून खड्ड्यात, वर शेण आणि मातीचा थर, तीन महिन्यांनी केळीच्या बुंध्याला चालतात. बोरॅक्स मारलेले तुटके बोर्ड मात्र खतात नको, बोरॉन जास्त झालं की केळीच्या पानांच्या कडा करपतात. ते भरडून छताच्या उरलेल्या फटींत भरा.